ताप उतरलेल्यांची रांग

बंद पडलेल्या फर्निचरच्या शोरूमपुढे मुंगीला शिरायला वाव नव्हता. ज्यांना उभं राहवत होतं ते उभे होते, ज्यांना राहवत नव्हतं त्यांना घरच्यांनी दोन्ही बगलांतून धरलं होतं, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या होत्या. पूर्वी जिथे विकायचे सोफे मांडत, त्या पायरीवर हिरवे अण्णा स्टूल टाकून बसले होते. हिरवे हे त्यांचं आडनाव नव्हे. पपईची पानं चुरगाळून त्यांची बोटं हिरवी झाली होती आणि ती धुवायची नाहीत असा त्यांचा नेम होता.

“लोखंड लागलं की पान मरतं!” अण्णा गरजले. “विळी नाही, सुरी नाही, कात्री नाही. बोटांनी खुडलेलं पान! नर झाडाचं पान! उगवतीकडं तोंड करून वाढलेलं पान!”

आणि ते पान त्यांनी मिक्सरच्या भांड्यात टाकून बटण दाबलं. आतली पाती कशाची आहेत, हे विचारावंसं गर्दीत कुणालाच वाटलं नाही.

त्या साली डासांनी शहर खाल्लं होतं. तापाचं माणूस नाही असं घर नव्हतं. एरवी हवापाण्याच्या गप्पा मारणारे लोक भेटल्याबरोबर एकमेकांना “पेशी किती?” विचारायचे. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारक्या पेशी असतात आणि रक्त गोठायला त्या लागतात, हे कालपर्यंत कुणाच्या गावीही नव्हतं. आता बसच्या कंडक्टरपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत जो तो त्यातला तज्ज्ञ झाला होता. तापात पेशी घसरतात, घसरल्या की माणूस मरतो, अण्णांच्या रसानं त्या चढतात. एवढ्या ज्ञानावर सगळ्यांचं भागत होतं.

“आणि हा बघा पुरावा!” माइकवरून आवाज आला.

कामावरून परतणारी वहिनी फाटकापाशीच थबकली. आवाज तिच्या नवऱ्याचा होता आणि पुरावा ती स्वतः होती. लग्नाच्या फोटोतून कापलेला तिचा चेहरा दाराएवढा मोठा करून पायरीच्या वर टांगला होता. खाली लिहिलं होतं, ‘मृत्यूच्या दारातून परत!’

सगळी आळी तिला वहिनी म्हणायची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिचा नवरा मोटार चालवायला शिकवायचा. बाजूच्या सीटवर बसून दिवसभर दुसऱ्यांवर ओरडायची सवय, त्यामुळे त्याला खरं तर माइकची गरज नव्हती. पण अण्णांनी माणूस बरोबर हेरला होता.

“माझी बायको!” तो सांगत होता. “पेशी तळाला गेलेल्या. दवाखान्यात खाट मिळेना. मी इथे उन्हात उभा राहिलो. एकेक पेला स्वतः नेऊन पाजला. आणि बघता बघता आकडा वर!”

टाळ्या पडल्या. वहिनीला ते भाषण पाठ होतं. त्यात एकच गोष्ट नव्हती, कारण ती नवऱ्याला ठाऊकच नव्हती. वहिनी तो रस प्यायलीच नव्हती. पहिल्या घोटाला कारल्याच्या सात पिढ्या आठवल्या आणि त्यानंतरचा प्रत्येक पेला नवऱ्याची पाठ वळताच बेसिनमध्ये गेला. वरून नळ सोडला की काम झालं. बेसिनच्या पेशी किती चढल्या, ते कुणी मोजलं नाही.

तेव्हा बोलणं तिला जमलं नव्हतं. उन्हानं लाल झालेला नवरा पेला दोन्ही हातांनी धरून आणायचा, एक थेंब सांडू द्यायचा नाही. त्याला काय सांगणार? मग तिच्या पेशी आपसूक चढल्या, घरात आनंदीआनंद झाला, मग हा फोटो लागला. तिला खोटं बोलावं लागलं नाही. नुसतं गप्प बसणं पुरलं.

दुकानात ती रोज बघायची. डोळे तपासायला आलेली काही माणसं बाकावर बसल्या बसल्या समोरचा अक्षरांचा तक्ता पाठ करून टाकतात आणि मग पट्टी बांधल्यासारख्या डोळ्यांनी घडाघडा म्हणून दाखवतात. आपल्याला दिसतं असं ज्यानं ठरवलं, त्याला कोण काय दाखवणार? तिनं पदराला हात पुसावेत तसा विषय झटकला आणि ती घरी गेली.

मग चिमणीला ताप आला.

चिमणी म्हणजे नणंदेची एकुलती एक लेक. नणंदेला घरात सगळे धाकटीच म्हणत. धाकटीचा नवरा जहाजावर, वर्षातून एकदा घरी येणारा. त्यामुळे मायलेकी वरच्या मजल्यावर राहायच्या आणि जेवायला, भांडायला, हसायला खाली असायच्या. चिमणी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. शाळा सुटली की ती मामीच्या दुकानात यायची, एकेक फ्रेम नाकावर चढवायची आणि नकला करायची. “मामी, ह्यात मी मुख्याध्यापिका. आणि ह्यात बघ, मामा गाडी शिकवतोय. ब्रेक! ब्रेक म्हटलं ना! क्लच तुझ्या बापानं दाबायचा का?” गिऱ्हाइकंही हसायची.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चिमणीला तपासलं, रक्त काढलं आणि धाकटीला बजावलं, “भरपूर पाणी पाजा. आणि ताप उतरला की इथे घेऊन या. नीट ऐका. उतरला की. तेव्हाच मला तिला बघायचंय.”

बाई तुसड्या होत्या. झोप नसलेल्या माणसासारख्या बोलायच्या. धाकटीनं मान हलवली, पण मनात म्हणाली, ताप उतरल्यावर कशाला कोण दवाखान्यात येतंय?

काही दिवसांनी ताप उतरला. चिमणी उठून बसली, टोस्ट खाल्ला, आरशात बघून म्हणाली, “भूत दिसतेय मी.” धाकटीला रडू आणि हसू एकदमच आलं. वहिनीचा नवरा तर गाडीची किल्ली घेऊनच उभा होता.

“चला, अण्णांकडं! पेशी खाली आहेत, आता लगेच रस गेला पाहिजे.”

“डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय,” वहिनी म्हणाली.

“अगं, तापाचं माणूस दवाखान्यात न्यायचं. आता ताप आहे कुठं?”

“त्या म्हणाल्या होत्या, उतरला की—”

“तू तरी बोलू नकोस बाई,” सासूबाई मध्येच म्हणाल्या. “तुला कुणी वाचवलं? फोटो लागलाय तुझा तिथे.”

तेव्हा बोलायला हवं होतं. वहिनीनं तोंड उघडलंही. पण नवरा तिच्याकडे इतक्या भरवशानं बघत होता, की तिच्या तोंडून एवढंच निघालं, “मी पण येते.”

शोरूमच्या फाटकावर अण्णांचा एक माणूस उभा होता. त्याच्या हातात थर्मामीटर होता. पुढची बाई एका पोराला खांद्यावर घेऊन आली होती. पोराचं अंग फणफणत होतं. माणसानं थर्मामीटर बघितला आणि मान हलवली.

“ताप आहे. परत जा.”

“अहो, लांबून आलेय मी. एक घोट तरी द्या.”

“तापल्या अंगाला पान लागू पडत नाही. अण्णांचा हुकूम आहे. उतरला की या.”

बाई रडत मागे फिरली. चिमणीच्या काखेत थर्मामीटर गेला, बाहेर आला. “उतरलाय. चला आत.”

वहिनीच्या मनात काहीतरी खटकलं. बायकोला अजून ताप आहे म्हटल्यावर नवऱ्यालासुद्धा पहिल्या खेपेला असंच परत पाठवलं होतं. तिचा ताप गेल्यावरच पेला मिळाला होता. चमत्काराला थर्मामीटर कशाला लागतो? पण विचार पुरा व्हायच्या आत गर्दीनं त्यांना पुढे ढकललं.

चिमणीनं पेला नाकाशी नेला आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग मामाकडे बघितलं. तो एवढ्या कौतुकानं बघत होता, की तिनं डोळे मिटून घटाघट सगळा रस संपवला. शेवटचा थेंबसुद्धा जिभेवर घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिला तिथे नेलं. समोरच्या लॅबमधून आकडा आला, तो अण्णांनी माइकवर वाचला. पेशी चढल्या होत्या. आवार टाळ्यांनी दुमदुमलं. आणि त्या टाळ्यांतच चिमणी पायरीवर वाकून ओकली.

“मामी, पोटात कळ येतेय गं. सकाळपासून येतेय.”

वहिनीनं तिचा हात धरला. भर दुपारी तो काचेसारखा गार होता.

“विष निघतंय!” अण्णा हर्षानं म्हणाले. “बघा, बघा! पान कामाला लागलंय. उलटीतून विष बाहेर, आणि अंग गार, म्हणजे काया निवतेय. आणखी एक पेला!”

आता मात्र वहिनीच्यानं राहवेना. ती पायरी चढली आणि माइक ओढून म्हणाली, “हा फोटो माझा आहे. मी तुमचा रस प्यायले नाही. सगळा बेसिनमध्ये ओतला. तरीही माझ्या पेशी चढल्या. ह्या पोरीला दवाखान्यात न्यायचंय, वाट सोडा.”

क्षणभर मिक्सरसुद्धा थांबला. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. अण्णा मात्र मंद हसले. अशी माणसं तोंडघशी पडत नाहीत. पडली तरी जमिनीला नमस्कार करत होतो म्हणतात.

“माउली,” ते गोड आवाजात म्हणाले, “ओतलात ना? ओतताना वास आला का?”

“आला. तो कसा नाही येणार?”

“ऐका मंडळी! नुसत्या वासानं पेशी चढल्या! मग पिणाऱ्याचं काय होईल?”

गर्दी अशी टाळ्या पिटू लागली, की वहिनीचं पुढचं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही. नवऱ्यानं तिला दंडाला धरून खाली ओढलं. “एवढ्या लोकांत माझी अब्रू काढलीस? घरी चल आधी.”

“अहो, तिचे हात बघा. दवाखान्यात चला, मग मला काय बोलायचं ते बोला.”

“आकडा चढलाय ना वहिनी,” धाकटी रडवेली होऊन म्हणाली. “सगळ्यांसमोर वाचला त्यांनी. चढलाय तर मग भीती कसली?”

चिमणीला घरी नेलं. दुपार भांडणात गेली. तू मला फसवलंस, तू आईला फसवलंस, तू जगाला फसवलंस. आतल्या खोलीत चिमणी कुशी बदलत होती, पाणी मागत होती, प्यायलेलं ओकत होती. संध्याकाळी वहिनी तिच्याजवळ गेली, तर पोरीचे ओठ निळसर झाले होते आणि ती मामीला ओळखेना. मग मात्र मोटार शिकवणाऱ्यानं आयुष्यात चालवली नव्हती तशी गाडी चालवली.

सकाळी चिमणी गेली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंडावर पाणी मारून आल्या होत्या, पण डोळे लपत नव्हते. वहिनीच्या नवऱ्यानं लॅबचा कागद त्यांच्यापुढे नाचवला. “आकडा चढला होता हो! हे बघा! पेशी वाढल्या होत्या, मग पोरगी गेली कशी?”

“वाढणारच होत्या,” बाई म्हणाल्या. “बसा. सगळे बसा. मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला छळेल, पण ऐका.”

दवाखान्याच्या बाकावर ते चौघं बसले. नवरा, धाकटी, सासूबाई, वहिनी.

“ह्या तापात पेशी घसरतात. ताप उतरतो त्या सुमाराला त्या तळाला असतात. मग दोन-तीन दिवसांत आपोआप चढायला लागतात. रस पाजा, नुसतं पाणी पाजा, नाहीतर काहीच पाजू नका. जो वाचतो, त्याच्या चढतातच. तुमच्या अण्णाला हे पक्कं माहीत आहे. म्हणून तो फाटकावर थर्मामीटर लावून बसतो. तापातल्या माणसाला रस दिला आणि दुसऱ्या दिवशी पेशी आणखी घसरल्या, तर बिंग फुटेल ना? म्हणून उताराच्या टोकाशी आलेली माणसं तेवढी आत घ्यायची. पुढे चढणच असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते म्हणतात. हा कावळा फांदी मोडायला आली की मगच येऊन बसतो.”

“म्हणजे पपईचं पान साफ खोटं?” सासूबाईंनी विचारलं.

“पानात काही गुण असेलही. लोक तपासून बघताहेत, अजून नीट काही ठरलेलं नाही. पण आजी, तुमची नात पेशींनी गेली नाही. ह्या रोगात खरा धोका ताप उतरताना असतो. रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर पोटात, छातीत साठतं. पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात, जीव तगमगतो. त्या वेळी शिरेतून मोजून सलाइन दिलं, लक्ष ठेवलं, तर बहुतेक माणसं वाचतात. म्हणून म्हणाले होते, उतरला की आणा. तुम्ही आकडा बघत बसलात. पोरगी बघितली नाही.”

मग नवऱ्यानं खालच्या आवाजात विचारलं, “काल दुपारी आणली असती तर?”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलून त्याला सोडवणं त्यांना सोपं होतं. “तर ती वाचली असती, असं मला वाटतं,” त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

तिकडे अण्णांना बातमी लागायला वेळ लागला नाही. त्यांनी माइकवर दुःख व्यक्त केलं. मग डोळे मिटून म्हणाले, “पान अपमान विसरत नाही. त्या घरात एका बाईनं पान गटारात ओतलं. त्याची भरपाई लेकरानं केली.” गर्दीनं चुकचुकून मान डोलावली. नाचता येईना, तर अंगण वाकडं म्हणायला निदान अंगण तरी लागतं. ह्यांना मेलेलं मूल पुरलं.

ते शब्द घरी पोहोचले. सासूबाईंनी ते ऐकले आणि सुनेकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकूनसुद्धा बघितलं. वहिनीला आपला अपराध वेगळाच ठाऊक होता. ओतल्याचा नव्हे. ओतून गप्प बसल्याचा.

नवरा उठला आणि चपला घालून बाहेर पडला. वहिनी आणि धाकटी मागोमाग गेल्या. शोरूमपुढे नेहमीचीच गर्दी होती. त्याला पायरीकडे येताना बघून अण्णांनी दोन्ही हात पसरले. हा माणूस त्यांच्या हक्काचा होता. दुःखानं भक्ती वाढते, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी आपण होऊन माइक पुढे केला.

“माझ्या बायकोचा फोटो हा,” तो म्हणाला. आज त्याचा आवाज माइकमध्येही धड ऐकू येत नव्हता. “ती रस प्यायली नाही. ती जगली. माझी भाची प्यायली. माझ्याकडे बघून प्यायली. ती मेली. मीच तिला इथे आणलं.”

“शोक झालाय त्यांना, शोक!” अण्णा माइककडे हात नेत म्हणाले.

“थांबा,” वहिनी पुढे झाली. “रसानं ती मेली असं मी म्हणत नाही. रसाच्या रांगेत उभं राहण्यानं मेली. तेवढा वेळ तिला दवाखान्यात हवा होता. अण्णा, तुमच्या पानात एवढी ताकद आहे ना? मग फाटकावरचा थर्मामीटर काढा. पेशी घसरत असतानाच पाजा, आणि दुसऱ्या दिवशी चढवून दाखवा. आहे तयारी?”

“पान तापात—”

“पान तापाला भितं, की तुम्ही?”

गर्दीत चुळबूळ सुरू झाली. “मलाही परत पाठवलं होतं,” कुणीतरी म्हणालं. “आम्हालाही. दोनदा.” मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “माझा मुलगा रस प्यायला होता. तो गेला. मी सांगायला आलो, तर मला माइक दिला नाही.”

“मेलेल्यांना माइक मिळत नाही, बाबा,” वहिनी म्हणाली. “म्हणून इथे रोज वाचलेलेच बोलतात. आणि आपल्याला वाटतं, सगळेच वाचले.”

अण्णा उठले. श्रद्धा नसलेल्या जागी पानाचा कस उतरतो, असं काहीसं बोलत ते मागच्या दारानं गेले. जाताना मिक्सर न्यायला विसरले नाहीत. दोन गावं पलीकडे त्यांनी पुन्हा दुकान मांडलं म्हणतात. फोटो दुसऱ्या कुणाचा तरी लावला आहे.

इथली माणसं मात्र लगेच शहाणी झाली असं समजू नका. अण्णा गेल्यावरही कित्येक दिवस लोक सकाळी शोरूमपुढे येऊन रांग लावायचे. कुणी म्हणायचं, अण्णा परत येणार आहेत. धाकटी रोज तिथे जाऊन उभी राहायची. रडायची नाही, ओरडायची नाही. रांगेतल्या एकेकापाशी जाऊन विचारायची, “ताप उतरलाय?”

“हो, उतरला एकदाचा,” लोक आनंदानं सांगायचे.

“मग इथे थांबू नका. आताच दवाखान्यात जा. पोटात दुखतंय का विचारा. उलट्या होताहेत का बघा. हात धरून बघा, गार आहेत का. कुणीही कितीही चढलेला आकडा दाखवला, तरी आधी माणसाकडे बघा.”

काहीजण ऐकायचे. काहीजण म्हणायचे, “बाई, रांग मोडू नका.” एकदा एका गृहस्थानं तिला चिडून विचारलं, “तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “मीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या.”

त्या गृहस्थानं तिच्याकडे नीट बघितलं. मग शेजारी उभ्या असलेल्या आपल्या बायकोचा हात हातात घेतला, दाबून बघितला, पुन्हा बघितला, आणि काही न बोलता तिला आधार देत दवाखान्याच्या रस्त्याला लागला.